‘गूळ’ या शब्दापासून शोध शिकवणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

कोल्हापूर

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,

सविनय नमस्कार.

आपले आभार मी समोरासमोर अनेकदा मानले आणि प्रत्येक वेळी आपण ‘हे आमचे कामच आहे’ असे म्हणून ते बाजूला सारलेत. म्हणून आज हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्या त्या ‘कामा’त नेमके काय काय येते, हे वाचनालयाच्या दारावरून रोज ये-जा करणाऱ्या पण कधी पायरी न चढलेल्या माणसांना कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांच्यातलीच एक होते.

करवीर तालुक्यात आमचे गुऱ्हाळ आहे आणि सासऱ्यांच्या पश्चात त्याचा हिशेब, खरेदी व विक्री मी पाहते. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या साठवणीतल्या गुळाला पाणी सुटले. वरून कडक दिसणारे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बुडाशी मऊ पडले, बारदान चिकट झाले आणि एका व्यापाऱ्याने बराचसा माल परत पाठवला. नुकसानीपेक्षा मला जास्त लागले ते हे, की कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हते. कोणी हवेला दोष दिला, कोणी उसाच्या जातीला, कोणी चुन्याला. मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितींपैकी निम्म्या एकमेकींच्या विरुद्ध बोलत होत्या आणि उरलेल्या शेवटी कसली ना कसली पावडर विकायला निघत होत्या.

अशा मनःस्थितीत मी आपल्या टेबलासमोर येऊन ‘गुळावर एखादे पुस्तक मिळेल का’ असे विचारले. कपाटात होती ती दोन पुस्तके आपण काढून दिलीत, पण तेवढ्यावर थांबला नाहीत. गुळाला पाणी कधी सुटले, सगळ्याच आधणांच्या, म्हणजे एका वेळी शिजवलेल्या रसाच्या खेपांच्या, गुळाला सुटले की काहींच्याच, ऊस तोडल्यापासून चरकात जाईपर्यंत किती वेळ गेला होता, असे एकेक विचारत आपण माझ्याच तोंडून माझा प्रश्न नीट वदवून घेतलात. त्यानंतर मला खिडकीजवळच्या दोन नंबरच्या संगणकावर बसवलेत आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढून घेतलीत. माझे शिक्षण मराठी माध्यमातून बी. ए. पर्यंत झालेले, इंग्रजी शोधनिबंध आपल्यासाठी नसतात, ही माझी ठाम समजूत होती. ती त्या दिवशी मोडायला लागली.

पहिला धडा शब्दांचा होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा ठरला. मी शोधाच्या चौकटीत ‘गुळ’ असे टाइप केले आणि फारसे काही आले नाही. आपण तोच शब्द दीर्घ ऊकार देऊन ‘गूळ’ असा लिहायला लावलात, मग ‘गुळाचा’, मग ‘गुळाचे’, कारण यंत्राला सामान्यरूप आपोआप ओळखता येईलच असे नाही. ‘गुऱ्हाळ’ या शब्दातला तो ‘ऱ्ह’ संगणकावर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना तो एकसारखाच दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती दोन निराळी अक्षरे असतात, म्हणून एका पद्धतीने शोधलेले दुसऱ्या पद्धतीच्या मजकुरात सापडेलच याची खात्री नसते, हे आपण दोन्ही प्रकार शेजारीशेजारी टाइप करून दाखवलेत. जन्मभर मराठी लिहिणाऱ्या मला माझ्या रोजच्या शब्दात असा पेच दडलेला असेल याची कल्पना नव्हती.

मग इंग्रजी. गुळाला ‘जॅगरी’ म्हणतात एवढे मला ठाऊक होते. आपण माझ्या वहीत त्याखाली ‘गुर’ लिहिलेत, त्याखाली ‘पनेला’ आणि शेवटी ‘नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर’. कोलंबियासारख्या देशांत उसाच्या रसापासून आपल्याप्रमाणेच काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, आटवून ‘पनेला’ करतात आणि आंतरराष्ट्रीय लेखनात या सगळ्या प्रकारांना मिळून तो शेवटचा लांबलचक शब्द वापरतात, हे समजल्यावर त्याच चौकटीतून एकदम वेगळे जग समोर आले. रसातली मळी पकडण्यासाठी आम्ही भेंडीचा चिकट रस घालतो, त्याचेही तसेच. आज भेंडीचे शास्त्रीय नाव ‘एबेलमॉस्कस एस्क्युलेंटस’ असले तरी जुन्या लेखांत ती ‘हिबिस्कस एस्क्युलेंटस’ या नावाने नोंदलेली असते, म्हणून दोन्ही नावे ‘ऑर’ने जोडून शोधायची, आणि जोडशब्द नेमका त्याच क्रमाने हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाकायचा. ते पान अजून माझ्या वहीत आहे आणि त्यावर काहिलीच्या वाफेचा एक डागही पडलेला आहे.

त्यानंतरच्या शनिवारांमध्ये आपण मला एकेक दालन दाखवलेत. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियामध्ये विनामूल्य नोंदणी कशी करायची आणि भाषा, विषय व साहित्याचा प्रकार निवडून हजारोंची यादी वीस-पंचवीसवर कशी आणायची, हे तिथे शिकले. कृषी विद्यापीठांमधले प्रबंध ‘कृषिकोश’ या डिजिटल संग्रहात असतात हे ऐकून मी चकित झाले, कारण गुळावरचे संशोधन कुठेतरी परदेशी होत असेल असे मी धरून चालले होते आणि इथे तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ऊस व गूळ संशोधन केंद्र आमच्या कोल्हापुरातच होते. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा साठा उघडला, तेव्हा एकेका प्रबंधाच्या दहा-बारा फाइल पाहून मी गांगरले. आपण म्हणालात की आधी शीर्षकपान आणि अनुक्रमणिका पाहावी, मग थेट निष्कर्षाचे प्रकरण उघडावे, आणि निष्कर्ष कामाचा वाटला तरच मागे वळून पद्धतीचे प्रकरण वाचावे. या एका युक्तीने माझे कित्येक तास वाचले आहेत.

मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, हेही मला आपल्याकडूनच कळले. अवघड रसायनशास्त्राच्या संज्ञा मी आधी तिथे मराठीतून समजून घेते आणि मगच इंग्रजी लेखाकडे वळते. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरचा १८८६ चा खंड पडद्यावर उघडून आपण त्यातले शेतीचे प्रकरण दाखवलेत, तेव्हा माझ्या प्रश्नाचा त्याच्याशी संबंध नव्हता हे आपल्यालाही माहीत होते. तरीही त्या दिवशी आपण दोघी अर्धा तास ते वाचत बसलो होतो, आणि त्या अर्ध्या तासाबद्दलही मी आपली ऋणी आहे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर एका लेखात नव्हते, ते चार ठिकाणांहून जुळवावे लागले. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातल्या साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतात. या शर्करा हवेतला ओलावा ओढतात. त्यामुळे असा गूळ कोरड्या दिवसांत चांगला दिसतो आणि पावसाळ्यात पाझरतो. आमच्याकडे त्या हंगामात मजुरांअभावी ऊस दोन-दोन, तीन-तीन दिवस पडून राहिला होता. तोडणीनंतर शक्यतो २४ तासांत गाळप व्हावे, असे सांगणारे वाक्य मला दोन प्रबंधांत मिळाले, तेव्हा त्या वर्षीच्या नोंदवहीतल्या तारखा आपण माझ्यासोबत ताडून पाहिल्यात. पाझरलेल्या मालातला बहुतेक गूळ उशिरा गाळलेल्या उसाचाच निघाला.

आणखी एक प्रसंग इथे नोंदवायलाच हवा. घट्ट गुळासाठी पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला उतरवावा, असे वाचून मी थर्मामीटर आणला. गूळ शिजवणारे आमचे कारागीर, गुळवे काका, चाळीस वर्षे हे काम करतात. ते उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहतात आणि तेवढ्यावर काहील उतरवायला सांगतात. त्यांना हा थर्मामीटर आपल्यावरचा अविश्वास वाटेल, अशी धास्ती मी आपल्याजवळ बोलून दाखवली होती. आपण सुचवलेत की आकडा त्यांना आधी सांगू नये, त्यांनी ‘उतरवा’ म्हटले की त्या क्षणी तो फक्त लिहून ठेवावा. मी अकरा आधणांचे आकडे लिहिले. नऊ वेळा ते ११७ ते ११९ च्या दरम्यान होते. तो कागद मी काकांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. आता तेच मला विचारतात, ‘वहिनी, वाचनालयात आणखी काय मिळालं?’

आपण शिकवलेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे थांबून तपासणे. हे कोणी लिहिले, कोणत्या वर्षी लिहिले, प्रयोग किती आधणांवर केला, त्याचा खर्च कोणी दिला, हे चार प्रश्न आपण प्रत्येक लेखाला विचारायला लावलेत. गुळाच्या दर्जाविषयी मोबाइलवर फिरणारा एक संदेश मी विश्वासाने आपल्याला दाखवला होता. आपण त्यावर काहीच न बोलता अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा मूळ नियम शोधायला सांगितलात, आणि एकूण शर्करा किमान ९० टक्के व सुक्रोज किमान ६० टक्के ही अट मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. संदेशातले आकडे निराळेच होते.

जिथे दार बंद होते, तिथेही आपण खोटी आशा दाखवली नाहीत. काही नियतकालिके पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत आणि आपल्या वाचनालयाला ती परवडत नाहीत, हे आपण स्पष्ट सांगितलेत. मात्र सारांश मोफत असतो, त्याच लेखाची खुली प्रत कधी कधी संशोधकाच्या संस्थेच्या संग्रहात असते, आणि दोन्ही नसेल तर लेखावर दिलेल्या पत्त्यावर संशोधकाला नम्रपणे पत्र लिहिता येते, हे मार्गही आपणच दाखवलेत. मी भीत भीत लिहिलेल्या चार ओळींच्या ईमेलला तिसऱ्या दिवशी उत्तर आले, सोबत पूर्ण लेख होता. आमच्या गुऱ्हाळातल्या बाईला एका शास्त्रज्ञाने ‘आपले निरीक्षण कळवा’ असे लिहावे, याचा मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

१ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना आणि संशोधन संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली, ही मोठी गोष्ट आहे. ज्या कोल्हापुरात १८५० मध्ये करवीर नगर वाचन मंदिरासारखी संस्था उभी राहिली, आणि ज्या संस्थानाने महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याच्या कितीतरी आधी, १९४५ मध्येच, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्या गावाच्या पेठेतल्या वाचनालयातील संगणकापर्यंतही ती नियतकालिके पोहोचावीत, असे मला कळकळीने वाटते. शेतकरी, कारागीर, नोकरी सांभाळून शिकणारी मुले यांच्याजवळ महाविद्यालयाचे ओळखपत्र नसते. त्यांच्याजवळ असते ते आपल्यासारख्यांच्या वाचनालयाचे कार्ड.

गेल्या पावसाळ्यात आमचा बहुतेक गूळ टिकला. एका आधणाचे रवे मात्र पुन्हा मऊ पडले आणि त्याचे कारण मला अजून उमगलेले नाही. ऊस वेळेत गाळला होता, तापमानाचा आकडाही बरोबर होता. माझा संशय आता साठवणीच्या खोलीतल्या ओलाव्यावर आहे. सोबत आणलेला गुळाचा रवा ‘वाचनालयात भेटवस्तू घेत नाही’ म्हणून आपण परत केलात, त्यामुळे हे पत्र आणि शोधशब्दांच्या त्या वहीची एक स्वच्छ प्रत तेवढी आपल्या टेबलावर ठेवत आहे. गुळाविषयी विचारायला दुसरे कोणी आले, तर ती त्यांच्या हाती द्यावी. पुढच्या शनिवारी सकाळी दोन नंबरचा संगणक मोकळा असेल तर साठवण आणि हवेतील आर्द्रता या विषयावरचे लेख शोधायला बसू. ‘स्टोरेज’ आणि ‘ह्युमिडिटी’खेरीज आणखी कोणते शब्द लागतील, याचा आपण तेवढा विचार करून ठेवावा.

आपली कृतज्ञ,
गुऱ्हाळ चालवणारी आपली एक वाचक