‘ब्रेक लागतोय ना, मग झालं!’ : पुनर्नोंदणीच्या तपासणीत नापास झालेल्या मोटारसायकलबाबत तक्रार

प्रति,
विभागीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा (दुचाकी)

विषय : पुनर्नोंदणीपूर्व तपासणीचे पूर्ण पैसे घेऊन गाडी सदोष अवस्थेत ताब्यात दिल्याबाबत.

महोदय,

तुमच्या पुण्यातील अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरशी आज फोनवर जे बोलणे झाले, त्यानंतर पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही. म्हणून लेखी तक्रार करत आहे. गाडी २०१० ची, एमएच-१२ पासिंगची, कार्ब्युरेटरवाली; पुढे डिस्क, मागे १३० मिलिमीटरचा ड्रम. जॉबकार्ड (सेंटरने भरलेला कामाचा तक्ता), बिल, आरटीओ निरीक्षकाचा शेरा आणि फोटो सोबत जोडले आहेत. गाडी तुम्हीच बनवलेली आहे, तेव्हा तिची जास्त ओळख करून देत नाही.

पंधरा वर्षे झाली की खाजगी दुचाकीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म २५ भरून गाडी निरीक्षकासमोर उभी करायची असते. नेमक्या याच कामासाठी तुमचे सेंटर वेगळे पॅकेज विकते. त्या पॅकेजच्या जॉबकार्डवर स्टिअरिंग, सस्पेन्शन, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, दिवे, चेसिस नंबर अशा प्रत्येक रकान्यात ‘ओके’ लिहून खाली सही केलेली आहे. निरीक्षकाने गाडी नापास केली आणि कारणे लिहून दिली : मागच्या ब्रेकचा काटा मर्यादेपलीकडे, कोनसेटमध्ये (हँडलच्या बेअरिंगमध्ये) खेळ, पुढच्या शॉकअपमधून तेलगळती, हेडलाइटचा झोत विखुरलेला, साडीगार्ड नाही, चेसिस नंबर वाचता येत नाही. यातला एकही दोष रातोरात उद्भवणारा नाही. साडीगार्ड आणि चेसिस नंबर तर गाडी तुमच्याकडे दिली तेव्हा ठीक होते.

मागच्या ब्रेकबद्दल आधी लिहितो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) झिजत जातात तसा त्यांना ढकलणारा कॅम जास्त फिरावा लागतो आणि पायडलपासून येणाऱ्या रॉडवरचा नट पुढे पुढे कसावा लागतो. कॅम फिरवणाऱ्या लिव्हरखालच्या पत्र्याचा काटा पॅनेलवरच्या खुणेला भिडला की शू संपले, बदलायचे. हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये चित्रासकट आहे. तुमच्या मेकॅनिकने शू बदलले नाहीत. त्याने लिव्हर कॅमच्या दात्यांवरून काढला आणि एक दाता मागे सरकवून पुन्हा बसवला. त्यामुळे रॉडवर आटे शिल्लक दिसू लागले आणि पायडलचा फ्री प्लेही (ब्रेक लागण्याआधीचा मोकळा खेळ) मापात आला. पण काट्याचा पत्रा कॅमवर एकाच जागी बसतो, तो सरकवता येत नाही. म्हणून काटा खुणेच्या पुढे गेलेला तसाच राहिला आणि निरीक्षकाला खाली वाकताच दिसला.

फोटो क्रमांक २ नीट पाहा. कॅमच्या टोकावर एक पंचखूण (ठोकून उमटवलेली खूण) आहे, लिव्हरवर एक आहे. दोन्ही समोरासमोर यायला हव्यात. इथे त्यांच्यात बरोबर एका दात्याचे अंतर आहे, आणि लिव्हर ज्या दात्यांवर इतकी वर्षे बसलेला होता तिथली गंजाची रेघ उघडी पडली आहे. दाता सरकवण्याने काय होते हे तुमच्या सर्व्हिस विभागाला माहीत असणारच. झिजलेले शू ड्रमला टेकवण्यासाठी कॅम आधीच जास्त फिरतो, तो आता जवळजवळ पूर्ण आडवा होतो. मग पाय काढला तरी स्प्रिंगला तो परत आणता येत नाही आणि चाक जाम होऊ शकते. कात्रजच्या उतारावर, मागे पीएमपीची बस असताना हे झाले तर काय, याचा विचार कोणी केला का?

पुढे आणखी वाईट आहे. बाहेरच्या मेकॅनिकने चाक उघडले तेव्हा ड्रमचा आतला व्यास व्हर्नियरवर १३१.४ मिलिमीटर भरला. चाकाच्या मधल्या हबवर आतल्या बाजूला ‘मॅक्स १३१’ असे ओतीव अक्षरांत आहे. म्हणजे नुसते नवे शू टाकून भागणार नाही, ड्रमला आतून नवा लायनर (लोखंडी कडे) तरी मारावा लागेल किंवा हब बदलावा लागेल. तुमच्या बिलावर ‘रिअर ब्रेक क्लीनिंग व अ‍ॅडजस्टमेंट’ असे लिहून पैसे घेतले आहेत. चाक उघडले असेल तर तो आकडा मेकॅनिकच्या डोळ्यांसमोर होता. उघडले नसेल, तर न केलेल्या कामाचे पैसे घेतले आहेत. या दोनपैकी काय झाले ते मला लेखी कळवा.

आता आजच्या फोनविषयी. मॅनेजरना मी काट्याबद्दल विचारले. उत्तर आले, “सर, ब्रेक लागतोय ना? मग झालं!” मी म्हटले, काटा मर्यादेपुढे आहे आणि निरीक्षकाने तसे लिहून दिले आहे. त्यावर, “जुन्या गाडीत तो काटा कोण बघतं?” मी पंचखुणेबद्दल विचारले. ते म्हणाले, “ते टेक्निकल असतं, तुम्हाला नाही कळायचं.” मी पुन्हा शांतपणे विचारले, लिव्हर एक दाता मागे कोणी बसवला? मला होल्डवर ठेवले. बराच वेळ तुमच्या नव्या मॉडेलची जाहिरात ऐकत राहिलो. परत आल्यावर त्यांनी माझ्या प्रश्नाला हातच लावला नाही. म्हणाले, “तुम्ही एजंट धरायला पाहिजे होता. एजंटचा माणूस असता तर गाडी स्टँडवरही चढली नसती, पास होऊन आली असती.” मी गप्प झालो. ती शांतता त्यांना होकार वाटली असावी, कारण लगेच म्हणाले, “आणि खरं सांगू का, पंधरा वर्षं झाली, आता सोडा ना ती गाडी. एक्सचेंजला चांगली ऑफर चालू आहे, कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू?”

व्यवस्थापक महोदय, हा तुमच्या नावाच्या पाटीखाली बसलेला माणूस आहे. ब्रेकचे काम चुकले हे कबूल करण्याऐवजी तो ग्राहकाला पैसे चारून तपासणी चुकवायला सांगतो. निरीक्षकाने त्याचे काम चोख केले, याचा या माणसाला राग आला आहे. आणि जी गाडी नीट करून द्यायचे पैसे घेतले, तीच मोडीत काढायचा सल्ला देतो. मला अपमान वाटला तो एवढ्यासाठी की या संपूर्ण बोलण्यात ‘ब्रेक दुरुस्त करून देतो’ हे एक वाक्य आले नाही.

कोनसेटचेही तेच. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, मागे वजन देऊन पुढचे चाक उचलायचे, शॉकअप खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढायचे. वर हँडलच्या दांड्यापाशी (टी-स्टेम) ‘टक’ लागले की खेळ आहे. एक मिनिटाचे काम. मग हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवायचे. मधोमध ते अडकल्यासारखे झाले तर रेसमध्ये (गोळ्या फिरतात त्या वाट्यांत) खड्डे पडलेले आहेत. या गाडीत दोन्ही आहे. तुमच्या सेंटरने वरचा नट फक्त कसून दिला. खड्डे पडलेल्या रेसवर नट कसला की सरळ चालवताना हँडल जड होते, हळू वेगात गाडी डुलते आणि थोड्या दिवसांत पुन्हा ढिली पडते. वरची-खालची वाटी, कोन आणि गोळ्या असा पूर्ण सेट बदलायचा, मॅन्युअलमधल्या संख्येइतक्याच गोळ्या ग्रीसमध्ये बसवायच्या, हे सांगायची वेळ ग्राहकावर येऊ नये. सेट का टाकला नाही, असे विचारल्यावर ‘या मॉडेलचे स्पेअर बंद झाले’ असे काउंटरवर सांगितले. नाना पेठेत तोच सेट तुमच्या होलोग्रामच्या पाकिटात काउंटरवर मिळाला. पावती जोडली आहे.

शॉकअपची गळती फडक्याने पुसून गाडी दिली. निरीक्षकाने हँडल धरून पुढचा भाग काही वेळा दाबला, तशी पाइपवर तेलाची कडी उमटली. सीलच्या वर पाइपला गंजाचे टोचे आहेत, नख फिरवले तरी लागतात. अशा पाइपवर नवे सील टाकले तर ते टोचे त्याची कड फाडतात, म्हणून आधी पाइप बदलायला हवा किंवा हार्ड क्रोम करून घ्यायला हवा. सील दोन्ही बाजूंचे, तेल दोन्हीकडे मापून सारखे. गळती डिस्कच्याच बाजूला आहे. पॅडवर तेल उतरले की ते धुऊन सुधारत नाहीत, बदलावेच लागतात. जॉबकार्डवर पुढच्या ब्रेकसमोरही ‘ओके’ आहे.

हेडलाइटमध्ये न विचारता एलईडी बल्ब टाकला आणि ‘अपग्रेड’ म्हणून बिलात लावला. या गाडीचा रिफ्लेक्टर ३५/३५ वॅटच्या एचएस-१ हॅलोजनसाठी घडवलेला आहे. फिलामेंटची जागा बदलली की लो बीमची कड नाहीशी होते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय या मॉडेलचा हेडलाइट थेट कॉइलच्या एसी करंटवर चालतो, त्यामुळे आयडलला एलईडी लुकलुकतो. जुना बल्ब परत दिलेला नाही, तो मला हवा आहे.

साडीगार्ड वॉशिंगला काढले आणि बसवायचे राहिले. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागचे चाक किमान निम्मे झाकणारे संरक्षण सक्तीचे आहे, आणि ते लावण्यासाठी एक पाना पुरतो.

चेसिस नंबरने मात्र मी खरोखर घाबरलो. हेडपाइपवर (चेसिसच्या हँडलजवळच्या नळीवर, जिथे नंबर कोरलेला आहे) गंज दिसू नये म्हणून तुमच्या माणसाने काळा स्प्रे मारला आणि तो कोरलेल्या आकड्यांत भरून बसला. पेन्सिलची छाप घेतली तर तीन आकडे उमटलेच नाहीत. आकडे अस्पष्ट दिसले की खाडाखोडीचा संशय गाडीमालकावर येतो, रंग मारणाऱ्यावर नाही. तो रंग थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने सावकाश काढावा लागतो. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावला तर आकड्यांना ओरखडे पडून संशय आणखी वाढतो. पुनर्नोंदणीच्या तयारीसाठी घेतलेल्या गाडीचा नंबरच रंगवून टाकायचा, हे कोणत्या पॅकेजमध्ये बसते?

तपासणी यादीतली एक उणीवही लक्षात आणून देतो. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २०१० च्या गाडीचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. पेट्रोलचा पाइप आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोट नीडलचे टोक तपासणे यादीत असायला हवे, ते नाही. पीयूसी मात्र गाडी पास झाली आहे, कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे निदान इंजिनाचा धूर तरी मर्यादेत आहे. ही गाडी मोडीत काढण्याजोगी नाही, हे मॅनेजरना कळवा.

पुन्हा लिहितो, कारण फोनवर हे कोणी ऐकून घेतले नाही : माझी तक्रार गाडी जुनी झाल्याची नाही. झिजणारे भाग झिजतातच. न तपासता ‘ओके’ लिहिले, आणि झिजलेला ब्रेक दाता सरकवून झाकला, ही तक्रार आहे. तुमच्या कंपनीच्या गाड्या पुण्यात पंधरा-वीस वर्षे चालतात म्हणून लोक विश्वासाने घेतात. तो विश्वास तुमच्याच सेंटरमध्ये तुटतो आहे, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या मागण्या : मागचा हब किंवा लायनर, ब्रेक शू, पूर्ण कोनसेट, शॉकअपचे पाइप व दोन्ही सील आणि डिस्क पॅड यांचे काम माझ्यासमोर व्हावे. भागांची किंमत मी देईन, मजुरी देणार नाही. पॅकेजची आणि एलईडीची रक्कम परत मिळावी. साडीगार्ड व जुना बल्ब परत मिळावा. चेसिस नंबरवरचा रंग काढताना मी तिथे हजर असेन. नोंदणीची मुदत संपत आली आहे. उशीर झाल्यास दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा भरावे लागतात, ते तुम्ही भरावेत. आणि दाता कोणी सरकवला, त्याचे उत्तर मिळावे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. पंचखुणेचा फोटो, निरीक्षकाचा शेरा आणि तुमच्या सहीचे जॉबकार्ड तिथे शेजारी शेजारी ठेवीन.

उत्तर लेखी द्यावे. कोटेशन पाठवू नये.

आपला,
जॉबकार्डवर नाव असलेला ग्राहक,
पुणे

सोबत : जॉबकार्ड व बिलाची प्रत, निरीक्षकाचा शेरा, मागच्या ब्रेकचे व हेडपाइपचे फोटो, कोनसेटची पावती, पीयूसी.