स्मरणाच्या मैफलीत त्यांचेच संगीत वाजावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२७ जानेवारी हा आउशविट्झ या नाझींच्या मृत्युछावणीच्या मुक्ततेचा दिवस. त्या निमित्ताने होणाऱ्या मैफलींत गाजलेल्या चित्रपटाची एखादी करुण धून, बाखचे थोडे संथ संगीत आणि दोन मिनिटांचे मौन एवढेच पुष्कळदा असते. ज्या संगीतकारांना नाझींनी मारले, त्यांचा एक स्वरही कानी पडत नाही. गोव्यात कोणी अशी मैफल ठरवत असेल तर कळकळीची विनंती आहे: त्यांनीच लिहिलेले वाजवा. आपल्याकडच्या वादकांना ते जमण्यासारखे आहे.

पहिली निवड चेक संगीतकार गिडिऑन क्लाइनच्या स्ट्रिंग ट्रायोची. व्हायोलिन, वायोला, चेलो असे तीनच वादक, वेळ साधारण तेरा मिनिटे. तेरेझीनच्या घेट्टोत, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, त्याने ती ७ ऑक्टोबर १९४४ रोजी पुरी केली. नऊ दिवसांनी त्याला आउशविट्झच्या गाडीत चढवले आणि जानेवारी १९४५ मध्ये फ्युर्स्टेनग्रुबे छावणीत त्याचा मृत्यू झाला, तेव्हा वय पंचवीस.

अडचण येते ती वायोलाची. व्हायोलिन शिकलेले गावोगावी सापडतील, वायोला हाती धरणारे थोडे. वायोलाचे स्वर व्हायोलिनवर उचलून भागत नाही, कारण वायोलाची खालची तार व्हायोलिनच्या सगळ्यात जाड तारेपेक्षाही पाच स्वर खाली लागते. चांगल्या व्हायोलिनवादकाला उसना वायोला द्यावा, पण आल्टो क्लेफ (वायोलाचे स्वर ज्या खुणेने लिहितात ती) डोळ्यांत बसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून तयारी ऑक्टोबरातच सुरू व्हावी.

दुसरी अडचण लयीची, आणि ही चूक चांगले वादकही करतात. मधला भाग मोराव्हियातल्या एका लोकगीतावर रचलेला आहे. दुःख दाखवायचे म्हणून तो वाजवताना आणखी लांबवतात आणि गाण्याचा धागाच तुटतो. तिघांनी आधी ते गीत तोंडाने म्हणावे. एका श्वासात एक ओळ बसेल तीच लय धरावी. शेवटचा भाग तर ‘मोल्तो व्हिवाचे’ आहे, म्हणजे अतिशय चपळ. तो रडका केला तर क्लाइनवर अन्याय होतो. तो उत्तम संगीतकार होता म्हणून वाजवायचा, केवळ बळी होता म्हणून नव्हे.

तंतुवाद्यांचा बऱ्यापैकी मोठा ताफा असेल तर तेरेझीनमधलाच दुसरा संगीतकार पावेल हास याचा स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठीचा ‘स्टडी’ घ्यावा. वाद्यवृंद संचालक कारेल आंचेर्ल याने तो १९४४ मध्ये तेरेझीनलाच सादर केला होता. युद्ध संपल्यावर वादकांच्या स्वरलिपीचे सुटे कागद सापडले, डबल बास या सर्वांत मोठ्या तंतुवाद्याचा मात्र सापडला नाही. त्याचा आज वाजतो तो भाग पुन्हा रचलेला आहे. ही गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत जरूर छापावी.

इल्से वेबर तेरेझीनमध्ये आजारी मुलांची शुश्रूषा करत असे. १९४४ च्या ऑक्टोबरात तिलाही आउशविट्झला मारले. तिची ‘विगाला’ ही अंगाई एक आवाज आणि एक गिटार एवढ्यावर होते. आवाज शक्यतो माइकशिवाय, कृत्रिम घुमारा तर नकोच.

हान्स क्रासाचा ‘ब्रुंडिबार’ हा बालऑपेरा तेरेझीनमध्ये ५५ वेळा झाला. आउशविट्झच्या गाड्या सुटत गेल्या तशी गाणारी मुले बदलत गेली. आमची बालरंगभूमी तो मराठीत करू शकेल. भाषांतरात लांब स्वरावर ऱ्हस्व इ-उ येऊ देऊ नये, मुलांची दमछाक होते आणि शब्दही कळत नाही. क्रासाच्या स्वररचनेचा हक्क भारतात संपला आहे, पण शब्द लिहिणारे आडोल्फ हॉफमाइस्टर १९७३ मध्ये वारले, त्यामुळे शब्दांचा हक्क २०३३ अखेरपर्यंत आहे. लेखी परवानगी आधी घ्यावी.

जागेचेही बघावे लागते. कपेलात (छोट्या चर्चमध्ये) घुमारा मोठा, तिथे अंगाई खुलते पण ट्रायोचा शेवटचा भाग चिखल होतो. लय किंचित खाली आणावी आणि गजाचे फटके आखूड ठेवावेत. वातानुकूलित सभागृहात कोरड्या हवेने खुंट्या सैल पडतात, म्हणून वाद्ये तासभर आधी आत नेऊन ठेवावीत. पियानो असेल तर एसी दोन तास चालवून मगच सुरात लावून घ्यावा. रचनांच्या मध्ये टाळ्या नकोत, हे निवेदकाने सुरुवातीलाच एकदा सांगावे.

आपले,
पाश्चात्त्य संगीताचे दोन शिक्षक
फोंडा, गोवा