नावे मराठी करा, आकडे राहू द्या

महोदय,

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन, फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ मराठीतून खेळायचा तर किल्ला अजिंक्यतारा असावा, नदी कृष्णा असावी, भुयाराचे तोंड सागरेश्वरच्या डोंगरात उघडावे. यात गैर काहीच नाही. खेळ चालवणाऱ्याला ‘सूत्रधार’ म्हणतात, तेही सांगलीला शोभते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे नाटक उभे केले, तेव्हा सूत्रधार पदांतून कथा पुढे न्यायचा आणि पात्रे आपले संवाद आयत्या वेळी रचायची. हा खेळही तसाच चालतो. परवान्याचीही अडचण नाही. पाचव्या आवृत्तीची मूळ नियमसंहिता जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली आहे. श्रेयाची ओळ द्या आणि खुशाल भाषांतर करा. घोळ होतो तो नावांबरोबर आकड्यांनाही हात घातला की.

सर्वांत महागात पडणारी चूक फाशांची. वीस पैलूंचा फासा हाताशी नसला की लुडोचे तीन फासे टाकून बेरीज घेतात. ३ ते १८, म्हणजे जवळपास तेच, असा समज. पण वीस पैलूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याला सारखीच, ५ टक्के संधी असते. तीन फाशांची बेरीज १०-११ च्या आसपास गर्दी करते. पहिल्या पातळीचा धारकरी (मूळ नाव फायटर) साखळीचे चिलखत आणि ढाल घेऊन उभा असेल तर त्याचा बचावांक (वार लागायला फासा आणि अधिक मिळून निदान जितके व्हावे लागतात तो आकडा) १८. चिलखत नसलेल्या मांत्रिकाचा, चपळाई १४ धरली तर, १२. समोरच्या गॉब्लिनला (खेळातल्या छोट्या राक्षसाला) वारावर ४ अधिक मिळतात, म्हणजे धारकऱ्याला लागायला फाशावर १४ किंवा जास्त हवेत आणि मांत्रिकाला ८ किंवा जास्त. खऱ्या फाशावर हे अनुक्रमे ३५ आणि ६५ टक्के. लुडोच्या तीन फाशांवर तेच १६ आणि ८४ टक्के होते. धारकऱ्याला ओरखडा येत नाही आणि मांत्रिक दर वेळी आडवा! मग ‘मांत्रिक कमजोर आहे’ म्हणून त्याचे प्राणांक (किती इजा सोसेल तो आकडा) वाढवले जातात आणि गाडी आणखी घसरते. त्यापेक्षा हाउजीच्या डब्यातल्या १ ते २० आकड्यांच्या सोंगट्या पिशवीत घालाव्यात. फक्त काढलेली सोंगटी प्रत्येक वेळी परत टाकायची. ती बाहेर राहिली तर पुढच्या प्रत्येक डावाची शक्यता बदलते, आणि सोंगट्या मोजणारा हुशार मुलगा ते लगेच ओळखतो.

दुसरी हौस ‘१ पडला की तलवार हातातून निसटते’ या घरगुती नियमाची. मूळ नियमात वाराच्या फाशावर १ म्हणजे वार चुकला, बस्स. का, ते पाहा. धारकऱ्याला पाचव्या पातळीवर एका पाळीत दोन वार मिळतात, विसाव्यावर चार. एका वारात १ पडण्याची शक्यता ५ टक्के, दोन वारांत निदान एकदा पडण्याची सुमारे १०, चारांत साडेअठरा. म्हणजे योद्धा जितका कसलेला, तितकी त्याची तलवार जास्त वेळा खाली पडते. आखाड्यातला कोणताही वस्ताद यावर हसेल. २० चेही तसेच: वार नक्की लागतो आणि इजेचे फासे दुप्पट होतात, पण कौशल्याच्या चाचणीत २० पडले म्हणून अशक्य ते शक्य होत नाही.

पात्रांच्या प्रकारांकडे येऊ. मुख्य पुस्तकात ते बारा आहेत. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (देवाच्या शक्तीने जखमा भरणारा चिलखतधारी पुजारी). या क्लेरिकला मराठीत ‘वैद्य’ केले की त्याची ढाल आणि चिलखत आपसूक गळून पडते, कारण डोळ्यांसमोर खलबत्ता येतो. मग जखमा भरणाराच पहिला पडतो. त्याला देवऋषी म्हणा, भगत म्हणा, पण ढाल काढू नका. ‘रोग’ (इंग्रजी rogue, लपूनछपून काम करणारे पात्र) याला मात्र ‘चोर’ करू नये, असे आमचे ठाम मत. बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी असलेल्या जिल्ह्यात त्याला ‘हेर’च म्हणावे. त्याच्या छुप्या वाराचा नियम जवळजवळ सगळीकडे चुकीचा खेळला जातो. लपलेले असणे सक्तीचे नाही. शत्रूपासून पाच फुटांत आपला एखादा धडधाकट साथीदार असला आणि हातात कट्यारीसारखे चपळ किंवा दुरून मारायचे शस्त्र असले, की पाळीत एकदा जादा इजा मिळते, पहिल्या पातळीवर सहा पैलूंचा एक फासा. मात्र त्याच वारावर दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायची पाळी आलेली नसावी. हे विसरले की हेर अंधारात कोपरे शोधत बसतो आणि त्याचा खेळाडू मोबाइल काढतो.

ताकद, चपळाई अशा पात्राच्या सहा गुणांचे गणित सोपे आहे, तरी एक खोच आहे. गुणांकातून १० वजा करून निम्मे करायचे आणि अपूर्णांक खाली आणायचा; येईल तो आकडा फाशात मिळवायचा. म्हणून ९ ला उणे १ मिळतो, शून्य नव्हे. गुणांक फासे टाकून ठरवताना भांडणे होत असतील तर १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले सहा आकडे सगळ्यांना द्यावेत.

दांडपट्टा किंवा विटा (दोरी बांधलेला फेकायचा भाला) आणायला नियम आडवे येत नाहीत. नवे आकडे न रचता शस्त्रांच्या तक्त्यातल्या जुन्या ओळीवर नवे नाव चिकटवावे: दांडपट्ट्याला रेपिअरची (सरळ, टोकदार तलवारीची) ओळ, विट्याला भाल्याची. विट्याची दोरी ओढून तो परत हातात घ्यायचा की नाही, एवढे सूत्रधाराने पहिल्या बैठकीआधीच सांगून टाकावे.

आपले,
काही सूत्रधार, विश्रामबाग, सांगली