वेड पांघरून पेडगावला जाणारा कॅप्टन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत "नशिबावर तरलेले येडे हिरो" असा लेख आला होता, त्यात सिनेमातल्या चाच्याला, कॅप्टन जॅक स्पॅरोला, एक नंबरवर टाकलेलं बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखकाचं म्हणणं असं की हा माणूस कायम झिंगलेला, पळताना हात हवेत ओवाळतो, तोंडाला येईल ते बडबडतो आणि फक्त पटकथा लिहिणाऱ्यांच्या कृपेने जिवंत राहतो. सॉरी, पण मला हे पटलं नाही. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा २००३ चा पहिला भाग तरी एकदा परत बघा आणि यावेळी त्याच्या डोळ्यांवरच्या काजळाकडे न बघता तो काय करतोय तेवढं बघा.

पोर्ट रॉयल बंदराच्या धक्क्यावर तो येतो तेव्हा त्याची होडी बुडत असते, हे सगळ्यांना आठवतं, हसून हसून पोट दुखतं. पण पुढच्या मिनिटाला काय होतं? धक्क्यावरचा अधिकारी होडी बांधायचा एक शिलिंग आणि नाव मागतो, जॅक तीन शिलिंग देऊन नाव विसरायला लावतो आणि जाता जाता त्याच माणसाची पैशांची थैली उचलतो. म्हणजे लाच दिली ती वसूल पण केली, व्याजासकट! मग दोन पहारेकरी भेटतात. त्यांना तो स्पष्ट सांगून टाकतो की मी जहाज पळवायला आलोय, टॉर्टुगाला जाऊन खलाशी गोळा करणार आणि लुटालूट करणार. खरंखुरं सांगतो हो! आणि ते दोघे वाद घालत बसतात की हा खरं बोलत असता तर आपल्याला सांगितलंच कशाला असतं. येड्याचं कोणी मनावर घेत नाही हे त्याला पक्कं माहितीये, म्हणून त्याला खोटं बोलायची गरजच पडत नाही.

आणि जहाज पळवायचा सीन तर आपल्या मराठी माणसाने उठून टाळ्या वाजवाव्यात असा आहे. आपल्याकडे पेडगावच्या बहादूरगडाची गोष्ट सांगतात ना, मराठ्यांची एक छोटी तुकडी मोगली छावणीवर चालून गेली, खानाची फौज तिच्या मागे धावत लांब गेली आणि मागून मोठ्या तुकडीने रिकामी छावणी साफ केली, तोच डाव. जॅक आणि विल नावाचा तरुण लोहार दोघंच जण डॉन्टलेस नावाच्या अवाढव्य जहाजावर चढतात, तिथला अधिकारी हसतो की दोन माणसांत हे जहाज हलणार पण नाही, आणि ते खरंच असतं, पण जॅकला ते जहाज नकोच असतं. इंग्रज नौदलाचा कमोडोर नॉरिंग्टन त्यांना पकडायला वेगवान इंटरसेप्टर घेऊन येतो, सगळे सैनिक झडती घ्यायला डॉन्टलेसवर उड्या मारतात आणि हे दोघं दोरीला लटकून इंटरसेप्टरवर पोचतात, तेही शिडं वगैरे लावून तयार असलेल्या! वर कमोडोरला थँक्यू म्हणतो की जहाज तयार करून दिलंत, आम्हाला दोघांना जमलं नसतं. डॉन्टलेसचं सुकाणू आधीच निकामी करून ठेवलेलं, म्हणजे पाठलाग पण बंद. (त्याआधी उलटी होडी डोक्यावर घेऊन समुद्राच्या तळावरून चालतात ते मात्र शुद्ध थाप, एवढी हवा भरलेली होडी पाण्याखाली राहणारच नाही. पण ती चूक दिग्दर्शकाची, जॅकची नव्हे.)

आता कोणी म्हणेल की मग तो बुद्धिबळ खेळणाऱ्यासारखा दहा चाली आधी ठरवतो का? तर नाही, आणि इथेच लोकांची गल्लत होते असं मला वाटतं. प्लॅन नाही म्हणजे अक्कल नाही असं आपण धरून चालतो. गुहेतल्या शेवटच्या मारामारीच्या आधी तो नॉरिंग्टनला सांगतो की बाहेर होड्यांत दबा धरून बसा आणि बार्बोसाला (जॅकचं जहाज बळकावलेला चाचा) सांगतो की तुझी माणसं होड्यांतून पाठव, पण बार्बोसा हुशार निघतो, शापित खजिना लुटल्यामुळे त्याची माणसं मरत नाहीत म्हणून त्यांना पाण्याखालून चालत पाठवतो. जॅकचा चेहरा पडतो तेव्हाचा बघाच. पण याच्या हाताशी अजून पत्ते असतात. आधीच त्या शापित खजिन्याच्या पेटीतल्या सोन्याच्या नाण्यांशी चाळा करता करता एक नाणं लंपास केलेलं असतं, म्हणजे तो पण आता शापित, तलवार आरपार गेली तरी मरत नाही. आणि दहा वर्षं जपून ठेवलेली पिस्तुलातली एकच गोळी तो बार्बोसावर झाडतो ती शाप उतरायच्या नेमक्या क्षणाला. हीच गोळी विलशी पहिल्या भेटीत वापरून मोकळा झाला असता तो. झाला नाही. याला नशीब कसं म्हणायचं मला कळत नाही.

तिसऱ्या भागात (२००७) एक नौदलाचा अधिकारी हाच प्रश्न विचारतो, की हा सगळं आधी ठरवतो का आयत्या वेळी जुळवतो. माझं उत्तर आहे की जुळवतो, पण जुळवायला समोरच्या प्रत्येकाला काय हवंय ते आधी माहीत असावं लागतं आणि ते त्याला माहीत असतं. बार्बोसाला शापातून सुटका हवी, विलला गव्हर्नरची मुलगी एलिझाबेथ हवी, नॉरिंग्टनलाही एलिझाबेथ हवी पण कर्तव्य पण हवं. जॅक प्रत्येकाला त्याच्या हव्या असलेल्या गोष्टीचं गाजर दाखवतो आणि स्वतःला काय हवंय ते शेवटपर्यंत झाकून ठेवतो. हे त्याला ठेच लागून कळलंय. कॅप्टन असताना बार्बोसाने त्याला गोड बोलून खजिन्याचा ठावठिकाणा काढून घेतला आणि त्याच रात्री बंड केलं. तेव्हा तो खरा येडा होता, भोळा. नंतरचा येडेपणा पांघरलेला.

त्याच तिसऱ्या भागात मेलेल्यांच्या जगातून परत यायला सूर्यास्ताच्या वेळी जहाज उलटं करायचं असतं, तेव्हा तो कोणाला समजावत बसत नाही, नुसता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला काहीतरी दिसल्यासारखा पळत सुटतो, सगळे काय आहे काय आहे करत मागे पळतात आणि जहाज डोलायला लागतं. मीटिंग घेतली असती तर सूर्य मावळला असता आणि सगळे तिथेच अडकले असते.

हां, तो कधी फसत नाही असं माझं म्हणणं नाही. दुसऱ्या भागात एलिझाबेथ त्याला डोलकाठीला बेड्या घालून क्रॅकन नावाच्या समुद्री राक्षसापुढे सोडून जाते, आणि तिथे ती त्याच्यापेक्षा सरस ठरते. तोही मान्य करतो, कौतुकानेच.

लेखकाशी मी एकाच बाबतीत सहमत आहे. २०१७ चा पाचवा भाग बघून कोणाचंही मत तसंच होईल. तिथे हा महाशय बँकेच्या तिजोरीत झोपलेला सापडतो, त्याची माणसं अख्खी बँकेची इमारत घोड्यांनी ओढत नेतात आणि वाटेत पैसे सगळे सांडून जातात, आणि पुढे तो रमच्या बाटलीसाठी आपलं जादूचं, मनात हवं ते दाखवणारं होकायंत्र विकून टाकतो. ज्याला आयुष्यात कशाची किंमत काय हे सगळ्यात चांगलं कळायचं, तो होकायंत्र विकतो? पहिल्या तीन भागांचे लेखक टेड इलियट आणि टेरी रॉसिओ, पाचव्याची पटकथा दुसऱ्याची, आणि ते दिसतं. जॅक रंगवणाऱ्या जॉनी डेपने रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सवरून उचललेली ती चाल आणि लकबी तेवढ्या राहिल्या, आतला माणूस गेला. पण म्हणून मागच्या चित्रपटांतल्या जॅकला पण येडा ठरवायचं?

जाता जाता एक. तिसऱ्या भागात चाच्यांच्या सभेत हिंदी महासागराचा म्हणून श्री संभाजी आंग्रे यांच्या नावाचा एक सरदार आहे आणि त्याला नुसता हसण्यावारी नेलाय. कान्होजींचे चिरंजीव हो ते! इंग्रज आंग्र्यांना पायरेट म्हणायचे कारण कंपनीची जहाजं आंग्र्यांचा दस्तक (परवाना) न घेता कोकणातून जाऊ बघायची आणि पकडली जायची. चित्रपटात तीच ईस्ट इंडिया कंपनी व्हिलन आहे आणि आपला माणूस मात्र जोकर. लेखकाला "येडा ठरवलेला हिरो" यावर अजून लिहायचंच असेल तर त्यांनी याच्यावर लिहावं, मी दोन प्रती विकत घेईन.

कळावे,
आपला एक नेहमीचा वाचक, अलिबाग