नव्या ड्रायव्हरांसाठी सूचना : शनिवारचा सराव

मित्रमैत्रिणींनो, फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोट स्पर्धेसाठी ज्यांची ड्रायव्हर (रोबोट चालवणारे) म्हणून निवड झाली आहे त्यांनी येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता शाळेच्या लॅबमध्ये यायचे आहे. पालकांना ६ पर्यंतची वेळ सांगून ठेवा.

– सुरक्षा चष्मा आणि बंद बूट हवेतच. त्याशिवाय मैदानाजवळ कुणालाही उभे करणार नाही.
– बॅटरी शुक्रवारी रात्रीच चार्जिंगला लावा.
– कंट्रोलर जोडताना पहिल्या ड्रायव्हरने स्टार्ट आणि ए, दुसऱ्याने स्टार्ट आणि बी एकत्र दाबायचे. मागच्या सरावात हे उलटे झाले आणि चाकांचा ताबा भलत्याच्याच हातात गेला.

सामन्यात सुरुवातीचे ३० सेकंद रोबोट स्वतः चालतो, कंट्रोलरला हात लावायचा नाही. पुढची २ मिनिटे तुमची. या २ मिनिटांत सगळ्यात जास्त चुका कुठे होतात? रोबोटचे तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते. अंगठा सवयीने डावीकडे जातो आणि रोबोट थेट भिंतीवर. म्हणून शनिवारचा पहिला पाऊण तास फक्त हेच : रोबोट आपल्याकडे तोंड करून, चार डब्यांमधून, सावकाश. वेग नंतर आपोआप येतो. हे कंटाळवाणे वाटेल, पण कृपया टाळू नका.

सामन्यात नजर आपल्या रोबोटवर ठेवा. घड्याळ आणि समोरची युती (विरुद्ध बाजूचे संघ) कोच पाहील. तो सांगेल तेवढेच ऐका. बाकीच्यांनी बाहेरून ओरडून सूचना देऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत इथेच कळवा.