श्रद्धेला आधुनिक ज्ञानाचे वावडे का?

महोदय,

श्रद्धा आणि विज्ञान या विषयावर आपल्या अंकात आलेली पत्रे वाचली. बाजू कोणतीही घेतली असली, तरी जवळजवळ सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: बायबल मानणारा माणूस आजच्या ज्ञानापासून फटकूनच राहणार. एक ख्रिस्ती वाचक म्हणून मला हे पटत नाही. खुद्द पवित्र शास्त्रच तसे वागत नाही.

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचा बाविसावा अध्याय उघडून पाहावा. सतराव्या वचनापासून पुढची बोधवचने आमेनेमोपे या प्राचीन मिसरी (म्हणजे इजिप्तच्या) लेखकाच्या शिकवणुकीशी इतकी जुळतात की तो योगायोग म्हणता येत नाही. तिचा पपायरस १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान या जर्मन अभ्यासकाने हे साम्य तपशिलाने मांडले. गरिबाला नाडू नको, तापट माणसाची संगत धरू नको, शेताच्या जुन्या खुणा सरकवू नको, हे दोन्हीकडे आहे. संपत्तीला पंख फुटतात, हेसुद्धा! मिसरी लेखनात ती रानहंसांसारखी उडून जाते, नीतिसूत्रांत गरुडासारखी. बहुतेक अभ्यासक मिसरी लेखन अधिक जुने मानतात. ज्या मिसरातल्या गुलामीची आठवण दरवर्षी वल्हांडण सणाला जागवली जाई, तिथले शहाणपण घ्यायला इस्राएलाला कमीपणा वाटला नाही. घेताना त्याने त्यामागे आपला देव मात्र उभा केला: गरिबाला लुबाडू नको, कारण त्याचा कैवार परमेश्वर घेईल.

येशूचा प्रेषित पौल यानेही अथेनैत (अथेन्समध्ये) अरीयपग या तिथल्या सभेपुढे बोलताना ग्रीक कवीचीच ओळ आधाराला घेतली. ‘जगाचे ज्ञान देवापुढे मूर्खपण आहे’ हे त्याचे वाक्य आपल्या मंडळ्यांत वारंवार ऐकवले जाते, पण ते त्याने कोणाला लिहिले, हे क्वचितच सांगितले जाते. करिंथ या ग्रीक शहरातली ख्रिस्ती मंडळी आपापल्या पुढाऱ्यांच्या नावाने तट पाडून, वक्तृत्व आणि प्रतिष्ठा मिरवत होती. पौलाचा रोख त्या मिरवण्यावर होता. वैद्यकावर किंवा खगोलशास्त्रावर तो नव्हता.

हे विसरल्याने माणसांचे नुकसान होते, म्हणून हे पत्र. नैराश्याने खचलेल्या माणसाला ‘विश्वास कमी पडला’ असे सांगून गोळ्या बंद करायला लावणारे उपदेशक आजही आहेत. त्यांनी पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेले पहिले पत्र वाचावे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दिसते, की माल्टा बेटावर तिथला प्रमुख पुब्ल्य याचा बाप ताप आणि आमांशाने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा पौलाने प्रार्थना करून त्याला बरे केले. तोच पौल या पत्रात तीमथ्याला वारंवारच्या दुखण्यासाठी, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा म्हणतो. त्या काळी ते औषधच होते. तीमथ्याच्या विश्वासाबद्दल तो शंकेचा एक शब्दही काढत नाही. सुवार्ता लिहिणाऱ्या लूकला तर तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो.

आधुनिक संस्कृतीतले सगळेच डोळे झाकून स्वीकारावे, असे मी म्हणत नाही. यशावरून माणसाची किंमत ठरवणे, म्हातारे आणि दुबळे यांना ओझे समजणे, याला ख्रिस्ती माणसाने ठाम नकार दिलाच पाहिजे. खेदाची गोष्ट ही, की नेमके हेच आपण मुकाट्याने आत घेतले. पैसा आणि बढती म्हणजे देवाच्या कृपेची खूण, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. वधस्तंभावर मेलेल्या येशूच्या नावाने हे कसे खपते? मानसोपचाराला सैतानी ठरवणारी आणि श्रीमंतीला आशीर्वाद ठरवणारी शिकवण कित्येकदा एकाच तोंडून येते, तेव्हा मला फार वेदना होतात.

पाळकांना आणि धर्मगुरूंना माझी कळकळीची विनंती आहे. आजाऱ्यासाठी जरूर प्रार्थना करा, आणि त्याच भेटीत तो औषध वेळेवर घेतो का, हेही विचारा. डॉक्टरांना न विचारता ते बंद करायला कोणालाही सांगू नका.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक