रोपे कमी विका, खात्रीचे मातृसाहित्य विका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कृषी विद्यापीठांच्या वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्रांनी आपला खर्च आपणच भागवावा, ही अपेक्षा वरचेवर ऐकू येते. ती रास्तही आहे. पण उत्पन्न म्हटले की सहसा पहिला प्रस्ताव येतो तो टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत कोंबांपासून वाढवलेली केळीरोपे विकण्याचा, आणि व्यवसाय विकासाची जबाबदारी एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून जाते. आमच्या मते या दोन्ही ठिकाणी मुळातच वाट चुकते.

जी-नाईन या वाणाची केळी दीड बाय दीड मीटरवर लावली तर हेक्टरी ४,४४४ रोपे लागतात. प्रयोगशाळेत एका कोंबाचे दर फेरीला तीन कोंब झाले, तर आठ फेऱ्यांत ६,५६१ होतात. एक फेरी चार ते पाच आठवड्यांची. त्यानंतर मुळे फुटायला महिनाभर आणि शेडनेटमध्ये दोन टप्प्यांच्या हार्डनिंगला (रोपे बाहेरच्या हवेला सरावण्याला) आठ ते दहा आठवडे. म्हणजे मृगबागेसाठी जूनमध्ये रोप द्यायचे तर कंद आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच प्रयोगशाळेत जायला हवा. शेतकऱ्याची नोंदणी, आगाऊ रक्कम आणि कोंबांची संख्या यांचा मेळ वर्षभर आधी घालावा लागतो. विद्यापीठाचा पैसा मात्र मार्चअखेरच्या हिशेबाने चालतो. कोंब वाढवण्याच्या माध्यमासाठी लागणारे अगार किंवा साखर संपली आणि खरेदीची निविदा दोन महिने अडकली, तर बाटलीतले कोंब थांबत नाहीत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ते एकमेकांत दाटतात, खालची पाने पिवळी पडतात, बुडाशी माध्यम काळपट होते. असे थकलेले कोंब पुढच्या फेरीत नीट फुटत नाहीत. मग संख्या भरून काढायला फेऱ्या वाढवण्याचा मोह होतो, आणि घात तिथेच होतो. आठच्या पुढे फेऱ्या नेल्या की बुटक्या, आखूड पानांच्या रोपांचे प्रमाण वाढत जाते. पिशवीतल्या पाच पानांच्या रोपात हा दोष सहज नजरेत येत नाही. बागेत ते रोप मागे पडू लागते तेव्हाच तो कळतो.

या धंद्यात खासगी कंपन्यांशी संख्येत आणि भावात टक्कर देण्यात विद्यापीठाने शक्ती घालवू नये. कंपन्यांना आणि छोट्या प्रयोगशाळांना जे स्वतः करायला महाग पडते, ते विद्यापीठाकडे असते: खात्रीचे मातृवृक्ष (रोपे ज्यांच्यापासून तयार करायची ती मूळ झाडे), विषाणू चाचणी आणि स्वतःचे वाण. विकायचे ते हेच.

केळीत बंची टॉप, ब्रॅक्ट मोझॅक, स्ट्रीक आणि कुकुंबर मोझॅक हे चार विषाणू तपासावे लागतात. टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था २००६ पासून आहे. मातृवृक्ष आणि तयार रोपांचा गट (बॅच) या दोन्ही टप्प्यांवर चाचणी झाली, तरच त्या व्यवस्थेला अर्थ राहतो. बाधित कंद एकदा आत गेला की त्याची प्रत प्रत्येक बाटलीत निघते. माध्यम कितीही निर्जंतुक असले तरी विषाणू पेशीतच असतो.

रावेर-यावलकडे ‘हरण्या’ म्हणतात तो कुकुंबर मोझॅक. पानावर पिवळे पट्टे येतात, पोंगा सडतो, रोप उपटून नष्ट करण्यावाचून इलाज राहत नाही. हा रोग मावा पसरवतो. शेजारी काकडी, भोपळा, टोमॅटो किंवा मिरची असेल तर स्वच्छ रोपही लागवडीनंतर बाधित होते. दोष रोपवाटिकेचा की शेताचा, हा वाद मग हमखास निघतो. त्यावर साधा उपाय आहे. प्रत्येक गटाचे पानांचे नमुने उणे ८० अंशांवर ठेवावेत आणि पिशवीवरच्या लेबलवर गट क्रमांक छापावा. वाद झाला की तोच नमुना पुन्हा तपासता येतो. ही सेवा पैसे घेऊन द्यावी. प्रयोगशाळा त्यासाठी पैसे मोजतील, कारण एका गटाची नुकसानभरपाई वर्षभराच्या चाचण्यांपेक्षा महाग पडते.

वाणांच्या बाबतीत चूक होते ती तारखांची. आपल्याकडे वाणावर पेटंट मिळत नाही. संरक्षण मिळते ते २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली, पिकांना १५ आणि वृक्ष-वेलींना १८ वर्षे. नवीन वाण म्हणून नोंदणी हवी असेल, तर अर्जाच्या आधी देशात त्याची विक्री सुरू होऊन वर्ष उलटलेले नसावे. कृषी मेळाव्यात हौसेने विकलेली रोपे इथे आडवी येतात. प्रक्रियेचे पेटंट घ्यायचे असेल तर विद्यार्थ्याचा प्रबंध ग्रंथालयात जाण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल व्हावा. त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. या तारखांवर रोज नजर ठेवणारा माणूस हवा. तास घेऊन, परीक्षा उरकून उरलेल्या वेळेत हे होत नाही.

परवाना देताना एकाच कंपनीला मक्तेदारी देऊ नये. सुरुवातीची रक्कम माफक ठेवावी, रोपामागे स्वामित्वशुल्क घ्यावे आणि किमान वार्षिक रक्कम करारात लिहावी. दहा लाख रोपांवर ५० पैसे म्हणजे पाच लाख रुपये. कंपनीच्या वहीवर विसंबण्यापेक्षा क्रमांकित लेबले विद्यापीठानेच विकावीत. जितकी लेबले, तितके शुल्क. ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू झाले नाही तर परवाना आपोआप रद्द होण्याचे कलमही हवेच, नाहीतर वाण कपाटात पडून राहतो.

आलेला पैसा केंद्राच्या फिरत्या निधीत राहिला पाहिजे, आणि रसायने, काचसामान, लॅमिनार फ्लोचे (निर्जंतुक हवेच्या कामाच्या टेबलाचे) फिल्टर व जनरेटरचे डिझेल यांच्या खरेदीचा अधिकार ठरावीक मर्यादेपर्यंत केंद्रप्रमुखाला हवा. विद्यापीठांनी व्यवसाय विकासासाठी स्वतंत्र पदाची जाहिरात काढताना किमान तीन वर्षांची मुदत द्यावी. पहिल्या वर्षी त्या व्यक्तीकडे विकलेल्या रोपांचा आकडा मागू नये. किती मातृवृक्ष तपासून घेतले, किती प्रयोगशाळांशी चाचणीचे करार झाले आणि किती वाणांचे अर्ज मुदतीत गेले, ते विचारावे.

– ऊतिसंवर्धन क्षेत्रातील काही वाचक, जि. जळगाव